पाळण्याने आईला दोषी ठरवलं

बाळाच्या अंगावर तिसऱ्यांदा गांधी उठल्या, तेव्हा काचेच्या झाकणाच्या स्मार्ट पाळण्याने विचारलं, "बाळाने काय खाल्लं?"

"माझं दूध. बाकी काहीच नाही," केतकीने सांगितलं.

"खाणार काय? उष्टावण अजून व्हायचंय," सासूबाई म्हणाल्या.

म्हणजे दोष दुधाचा. पाळण्याने झाकण उघडणाऱ्या हातांच्या ठशांतून आईचा हात बाद केला. बाळ आत रडत होतं आणि केतकीने कितीही दाबलं तरी काच सरकेना.

"उघड, मेल्या!" तिने काचेवर बुक्की मारली.

"बाळाच्या हितासाठी आपल्याला परवानगी नाही."

"अरबट-चरबट खायचं आणि पाळण्यावर ओरडायचं! सरक बाजूला," म्हणत सासूबाई सहाण घेऊन आल्या. सहाणेवर बदाम उगाळलेला होता.

"हे काय?"

"बाळगुटी. रोज देते की."

"बदाम? मग पाळण्याला का नाही सांगितलंत?"

"त्याने खाण्याचं विचारलं. गुटी म्हणजे काय खाणं आहे?"

केतकीने त्यांचं मनगट घट्ट पकडलं. "नाही द्यायचं! त्यानेच होतंय हे!"

"आजींना सोडा," पाळणा म्हणाला. "बाळासाठी फक्त त्यांचाच हात सुरक्षित आहे."

आणि काच आपणहून सरकली.