हातभर अंतर

सन दोन हजार चोवीसच्या मार्गशीर्षातील पहिल्या गुरुवारी, भर सकाळी, नवी मुंबईतील नेरुळ येथे डोळ्यांच्या एका दवाखान्यात नामा भोईर आपल्या धाकट्या भावाला, हरेशला, घेऊन आला. भावाच्या शेजारी तो बसला नाही. मधली एक खुर्ची त्याने मुद्दाम रिकामी सोडली.

त्याला शिसारी आली होती. आज घरी महालक्ष्मीचा घट मांडायचा होता. बायकोने, पुतळाने, पहाटेच उंबऱ्यापुढे रांगोळी काढली. हरेश झोकांड्या खात आला आणि त्या रांगोळीवरच भडाभडा ओकला. महिनाभर हेच चालले होते. सकाळी उठला की ओकारी, चालताना भिंतीचा आधार. वर्षापूर्वी याच हरेशने कार्ल्याला जाऊन एकवीरेपुढे दारू सोडली होती. देवीलाही फसवणाऱ्या माणसाचे तोंड पाहणे नामाला नकोसे झाले. त्याचे ताट पडवीत गेले, मग अंथरूणही गेले. घरातले कोणी हातभर अंतराच्या आत त्याच्याजवळ जात नसे.

"दादूस, एकविराआईची आन, मी घेतली नाय," हरेश पुटपुटला. "मना दोन-दोन दिसतान."

"ढोसल्यावर दिसतीलच," नामा म्हणाला. "डाक्तरीन बोलली का डोले चांगले हान, तर घरान पाय ठेवाचा नाय. तुजी पिशवी गाडीन हाय."

कपड्यांची पिशवी खरोखरच गाडीत होती. या निकालासाठीच त्याने भावाला येथवर आणले होते.

डॉक्टर वैशालींनी फलकावरची अक्षरे वाचायला सांगितली. एकेक डोळा झाकून हरेशने अगदी तळची ओळही वाचली.

नामा उठला. "चष्मा नको ना, मॅडम?"

"नको. पण बसा. आतला पडदा बघायचाय."

थेंब घालून बाहुल्या मोठ्या झाल्यावर त्यांनी खोली अंधारी केली. हातातले दिव्याचे उपकरण स्वतःच्या डोळ्याला लावून त्या हरेशवर वाकल्या. इतक्या, की गालाला गाल लागावा. त्याच्या सदऱ्यावर ओकारीचे डाग अजून ओले होते. नामाने नाकाला रुमाल लावला. बाई हलल्या नाहीत. एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला.

दिवा लागला.

"महिनाभर ओकतो, तोल जातो," नामाने गाऱ्हाणे मांडले. "दारू. दुसरं काय!"

"त्याच्या तोंडाला वास येतो?"

"शी! त्याच्या तोंडाजवल कोन जाईल?"

"मी आत्ता गेले होते." वैशालींनी फोन उचलला. "डोळे चांगले आहेत. त्यांच्या मागच्या नसा सुजल्यात, दोन्हीकडच्या. डोक्यात दाब वाढलाय. गाठही असू शकते. घरी नेऊ नका, इथूनच मोठ्या रुग्णालयात न्या. मी कळवते."

नामाचा रुमाल हातातच राहिला. त्याला एवढेच सुचले, "आन् दारू?"

"तुमचा भाऊ प्यालेला नाही."