बत्त्याचं लोखंड

अणूच्या पोटात काय चालतं ते सोलापूरचे नंदीश सर तीस वर्षं क्ष-किरणांनी शोधत होते, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यांचं काही चालत नव्हतं. आईचा, निंगव्वाचा, खांदा दुखतो म्हणून त्यांनी मिक्सर आणला, तरी ती शेंगा चटणी लोखंडी खलबत्त्यातच कुटायची. "मिक्सरच्या चटणीला चव न्हाय." इरेला पेटून सरांनी दोन्ही चटण्या प्रयोगशाळेत नेल्या. सारख्याच निघणार, याची खात्री होती. पण आलेखात खलबत्त्याच्या चटणीतला लोखंडाचा सुळका दुप्पट उंच निघाला. चारदा मोजूनही तसाच. संध्याकाळी त्यांनी पडेल आवाजात कबूल केलं, "अव्वा, तुझ्या चटणीत बत्त्याचं लोखंड उतरतंय." "हे कळायला तीस वर्षं लागली व्हय?" "थांब," सर घाईनं म्हणाले, "दुसऱ्याच्या हातूनही तेच निघालं तरच विज्ञान मानतं." खांदा चोळत निंगव्वानं खलबत्ता त्यांच्यापुढं सरकवला. "मग कूट की."