पांढरी पाकळी

"पांढरी पाकळी घराबाहेर जात न्हाय, पाव्हणं," अमरसिंह म्हणाले आणि त्यांनी फाटकाची कडी आतून लावली.

बाहेर रामहरी उभा होता. बहिणीला न्यायला आला होता. तुळजापूरच्या शाळेत शिवांजलीला नोकरी लागली होती, उद्या हजर व्हायचं होतं. ती आत बॅग घेऊन उभी. नवरा गेल्यापासून दोन वर्षांत ती भूमच्या बाजारालाही गेली नव्हती.

अमरसिंह तिचे सासरे; त्यांनी तिला कधी वाईट शब्दानं दुखवलं नव्हतं. उलट मान दिला होता, आणि तोच जाच होता. दसऱ्याला जहागिरीचं निशाण बाहेर निघालं, की त्यावरल्या कमळाचे रंग ते भावकीला समजावून सांगत. हिरवा देठ म्हणजे जमीन. केशरी पाकळ्या म्हणजे लढाईत पडलेले पुरुष. आणि एकुलती एक पांढरी पाकळी म्हणजे त्यांच्यामागं उंबरा न ओलांडलेल्या बायका. मग भावकी एकेक करून शिवांजलीच्या पाया पडे. म्हातारी माणसंसुद्धा. तिला वाटे, आपल्याला जिवंतपणीच देव्हाऱ्यात बसवून वरून दार लावून घेतलंय.

"आबा, जाऊ द्या मला."

"अगं, राजचिन्हाचा मान हाय ह्यो. काकींकडं बघ. उभा जन्म पाळला त्यांनी."

ओट्यावर ज्वारी निवडत बसलेल्या दगडाबाईंनी मान वर केली. अमरसिंहांच्या या विधवा चुलतीचा आवाज घरात क्वचितच ऐकू येई.

"अमर, ते निशाण म्या शिवलंय."

अमरसिंह वळले. "काय म्हणता काकी?"

"जुन्याला कसर लागली व्हती. म्या नवी नवरी. एका पाकळीला केशरी कापड कमी पडलं. मामंजींचं जुनं धोतर फाडलं आन् लावलं."

गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या. सावकाश फाटकापाशी गेल्या आणि कडी काढली. अमरसिंह जागचे हलले नाहीत. रामहरीनं बॅग घेतली. बाहेर पाऊल टाकल्यावर शिवांजली मागं वळली.

"काकी, मग त्या पांढऱ्याचा अर्थ?"

"तो मामंजींनी नंतर लावला, पोरी," दगडाबाई म्हणाल्या. "मालक गेल्यावर माझा भाऊ मला न्यायला आला, त्या दिशी."