खुणेचा डबा

धरणात गाव बुडालं, तेव्हापासून अब्दुल गफ्फार दर शब-ए-बरातला टेकडीचा अंदाज धरून नावेतून कब्रस्तानावर फुलं सोडायचा. तिथं कोणी जाळं टाकत नसे. यंदा पुतण्या साजिदनं नावेला मासे शोधायची मशीन बसवली. आजूबाजूचा तळ पडद्यावर उमटायचा. फुलं सोडली त्या जागी नुसता गाळ दिसला. "तुही मशीनच झूटी हाय," गफ्फार हसला. मग नाव रोजच्या मासेमारीच्या जागेवरून सरकली. तिथं खुणेचा डबा तरंगत होता, गफ्फारनंच दगडाला बांधून सोडलेला. "चाचा, मासेच मासे! पांढरे ठिपके पाहा!" गफ्फारला ठिपक्यांमागं दोन लांब चौथरे दिसले, मधोमध एक इवलासा. अब्बा, अम्मी, आणि एकटीला भेव वाटू नये म्हणून मध्ये निजवलेली त्याची दूधपिती लेक. "जाळं टाकू काय?" साजिदनं विचारलं. पडद्यावर डब्याचा दगड त्या इवल्या चौथऱ्याच्या उरावर बसलेला होता.