साहेबांचा निर्णय

रॉकेटच्या टाकीतला दाब घसरतोय, हे इंजिनिअर यामिनी खरातनं पुन्हा सांगितलं, तेव्हा कंपनीचे मालक पोतनीससाहेब मंत्र्यांना चहाचा आग्रह करत होते.

"सेन्सर चुकत असेल. पाहुणे बसलेत, उडवा."

सेन्सरपेक्षा पाहुण्यांवर विश्वास ठेवायला यामिनी अजून शिकली नव्हती. नोकरी गेली असं समजूनच तिनं बटण दाबलं आणि उलटी मोजणी थांबवली.

तपासणीत टाकीला तडा सापडला. रॉकेटबरोबर मंडपातले पाहुणेही उडाले असते.

पोतनीससाहेब ताबडतोब कॅमेऱ्यांपुढे उभे राहिले. "धोका ओळखून मी क्षणात निर्णय घेतला," असं सांगून त्यांनी कौतुकानं यामिनीला पुढे ओढलं.

"साहेबांचा नेमका आदेश काय होता?" एका पत्रकारानं तिला विचारलं.

"साहेब 'उडवा' म्हणाले," यामिनी नम्रपणे म्हणाली. "मला 'थांबवा' असं ऐकू आलं."