तीन स्टारचा फ्रीज

दोन दारांच्या फ्रीजचं दार उघडून कीर्ती तशीच उभी राहिली. आतला पांढरा उजेड आणि गारवा तोंडावर येत होता. बाहेर सांगलीचं ऊन रणरणत होतं. दुकानात मात्र सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ वाटत होतं. बघता बघता रिकाम्या फळ्या तिच्या डोळ्यांपुढं भरत गेल्या. विरजलेलं दही, कापलेलं कलिंगड, सरबताची बाटली आणि ती काढायला दाराशी आलेला एक इवलासा हात. तिनं घाईनं दार लावलं.

"आई, हाच घेऊया," ती म्हणाली. "फाइव्ह स्टार हाय."

चंदनबाला, तिच्या सासूबाई, शेजारच्या लहान फ्रीजवरचं लेबल वाचत होत्या. घरचा फ्रीज बंद पडला म्हणून दोघी गावाहून आल्या होत्या. कीर्तीचा नवरा भरतेश अपघातात गेला, तेव्हापासून दोघी सगळीकडं अशाच जोडीनं जायच्या. बाजारात, जैन बस्तीत दर्शनाला, बँकेत.

मागच्या महिन्यात साताऱ्याच्या अतिशय नावाच्या तरुणानं कीर्तीला मागणी घातली होती. शांत माणूस. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणारा. तिला तो मनापासून आवडला होता. तरी, "आईंना एकटं टाकून मी कुठं जाणार न्हाई," असं सांगून तिनं त्याला परत पाठवलं. चंदनबाला तेव्हा उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यानंतर भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना कीर्तीला मधेच एक अंगण दिसायचं. कधी न पाहिलेलं, डोंगराच्या पायथ्याचं, धुक्यातलं. ती डोळे मिटून ते घालवायची.

"बाळ, ह्याला तीनच स्टार, तरी युनिट कमी कसं गं?" चंदनबालांनी दुकानातल्या प्राचीला विचारलं.

"काकू, एकाच मापाच्या फ्रीजमधी कोण वीज कमी खातो, तेवढंच स्टार सांगतात," प्राची म्हणाली. "मोठा फाइव्ह स्टार असला तरी छोट्या थ्री स्टारपेक्षा जास्त खाऊ शकतो. वर्षाला किती युनिट लागतात ते लेबलवर लिहिलेलं असतं, ते बघायचं. आणि लागतं तेवढंच माप घ्यायचं. घरात माणसं किती?"

"दोन," कीर्ती म्हणाली.

चंदनबालांनी लहान फ्रीजवर हात ठेवला. "हा द्या. मला एकटीला पुरतोय."

"आवं आई, एकटीला?" कीर्ती गर्रकन वळली. "मी न्हाई व्हय?"

चंदनबालांनी तिचा हात घट्ट धरला आणि प्राचीकडं बघून हसत सांगितलं,

"माझी लेक हाय ही. आता सासरी जाणार हाय, साताऱ्याला."