पाचव्या कमानीवरची भेग

आर्व्हिलच्या चर्चमध्ये पाचव्या कमानीवर असलेली भेग घंटावाल्याला प्रथम दिसली ती १९२९ च्या मार्चमध्ये. गास्तों वार्दां यांच्या छापचित्रात तीच भेग आहे. चित्राखाली साल १९०९ आहे, आणि वार्दां १९११ मध्ये वारले.

भेगेमुळे चर्चला कुलूप लावणाऱ्या अभियंता लेस्कूर यांच्यापुढे फादर ओब्रे यांनी ते चित्र ठेवले.

"भेग वीस वर्षांची आहे, मस्यू. तेव्हापासून जागची हललेली नाही. रविवारी ईस्टर आहे, चारशे माणसं येतील. सही करा आणि कुलूप काढा."

"मी चित्र पाहून सही करत नसतो, फादर."

"तुम्ही बाप्तिस्म्याच्या पाण्याचंही तापमान मोजलं असेल."

लेस्कूर यांनी चित्राला भिंग लावले. छताचा प्रत्येक दगड निराळा होता. खांबाच्या माथ्यावरच्या कोरीव पानाआड एक गोगलगाय होती; परांचीवर चढून काल त्यांनी ती स्वतः पाहिली होती. सावल्या काळ्या शाईने भरलेल्या नव्हत्या, केसाएवढ्या रेषांनी विणलेल्या होत्या. भेग तिसऱ्या सांध्यापाशी थांबत होती. कालचे मापही तेच होते. इतक्या अचूक हातावर अविश्वास दाखवणे त्यांना अशास्त्रीय वाटू लागले.

तरीही ज्यावरून छाप काढतात तो तांब्याचा मूळ कोरीव पत्रा पाहावा, म्हणून ते वार्दांच्या घरी गेले.

विधवा ओनोरीन वार्दां यात्रेकरूंसाठी नवऱ्याच्या पत्र्यांवरून अजूनही छाप काढत. त्या मलमलीने तांब्यावरची शाई पुसत होत्या.

"यजमानांचं काम असामान्य आहे, मादाम," लेस्कूर म्हणाले. "या पत्र्याचा एखादा जुना छाप मिळेल?"

"जुना कशाला? तो चुकीचा असेल."

"चुकीचा?"

"वादळात उत्तरेच्या मनोऱ्याचा शेंडा पडला, तो जुन्या छापात उभाच आहे. लोक एकदा वर बघतात, एकदा चित्राकडे बघतात, आणि हसतात. यजमानांचं नाव आहे खाली. मी हसू देत नाही. दगड बदलला की मी पत्रा बदलते. हे त्यांनीच शिकवलं मला."

"आणि साल?"

"ते पत्रा जन्मला त्याचं. केस पिकले म्हणून तुम्ही जन्मसाल बदललंत का?"

लेस्कूर यांनी खिशातून वही काढली.

"ही भेग कधी कोरलीत?"

"अर्धी दोन आठवड्यांपूर्वी. तिसऱ्या सांध्यापर्यंत मंगळवारी. फादरांकडे आहे तो छाप त्याच दिवसाचा." त्यांनी पत्रा उजेडाकडे कलता केला. "चौथ्यापर्यंत आज सकाळी, मागच्या दाराने जाऊन वेदीवरची फुलं बदलून आल्यावर."